आत सोडलेलं कापड

नलू बारीक व्हायला लागली ते सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांत खुपलं. खोटं कशाला सांगू.

नलू माझी धाकटी जाऊ. वर्ध्याला आर्वी नाक्याच्या अलीकडे दोघा भावांचं मिळून आमचं एकच घर आहे. माझा दीर सकाळच्या गाडीनं पुलगावला कामाला जातो आणि दिवे लागल्यावर येतो. आमचे हे रिटायर झाल्यापासून पेपरात तोंड घालून बसतात. त्यामुळे दिवसभर घर आम्हा दोघींचं. पुढच्या खोलीत नलूची मशीन. ती ब्लाउज शिवते, मी हूक लावते, हातशिलाई करते आणि आलेल्या बायकांशी गप्पा मारते. गप्पांचं काम माझ्याकडेच बरं, कारण नलू तोंडात टाचण्या धरून असते.

लग्न होऊन आल्यापासून आम्ही दोघी सारख्याच अंगानं भरलेल्या. त्यामुळे आमचं छान चाललं होतं. एकीला कोणी जाड म्हटलं की ते दोघींना लागायचं आणि निम्मं निम्मं वाटून जायचं. मग दोन वर्षांपूर्वी नलूच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. गाल बसले, गळ्याची हाडं दिसू लागली. तिला स्वतःला काही कळेना, पण बायकांना लगेच कळलं. ब्लाउज टाकायला आलेली प्रत्येक जण विचारायची, नलूताई, करता तरी काय?

पहिल्यांदा नलू नुसती हसली. तिसरीनं विचारलं तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून तिनं सांगितलं, की मी मेथीचं पाणी पिते. पीत होती ते खरंच होतं, गुडघ्यांसाठी. रात्री दाणे भिजवायचे आणि सकाळी अनशापोटी ते पाणी. झालं, त्या दिवसापासून आमच्या लाइनीतल्या घराघरांत मेथी भिजायला लागली. मीसुद्धा चार महिने प्यायले. दीड किलो वाढले आणि दिवसभर मेथीचे ढेकर. आमचे हे म्हणाले, तुझा आणि मेथीचा छत्तीसचा आकडा आहे. मी दोन दिवस त्यांना भाजीला मीठ दिलं नाही.

आता एक शिवणाऱ्या बाईची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ब्लाउजाच्या दोन्ही बाजूंना, काखेखालच्या शिवणीच्या आत, चांगली शिवणारी बाई बोट-दीड बोट कापड सोडते. उद्या अंग भरलं तर टीप उसवायची आणि बाहेरून दुसरी मारायची. ब्लाउज वाया जात नाही. नलू या बाबतीत फार कडक. एखाद्या पोरीनं म्हटलं, काकू, आतलं कापड कापून टाका, टोचते, तर नलू तिला गप्प बसवायची. बाईमाणसाचं अंग आहे, म्हणायची, त्याचा काय भरवसा.

त्याच नलूनं स्वतःचे सगळे ब्लाउज घेऊन एका दुपारी बारीक केले आणि आतलं कापड कात्रीनं कापून टाकलं. मी म्हटलं, अगं, राहू दे ना. ती मान वर न करता म्हणाली, "आता कोण परत जाते तिकडं?"

इतका आनंद मी तिच्या तोंडावर लग्नातही पाहिला नव्हता. त्या कापलेल्या पट्ट्या तिनं फेकल्या नाहीत. त्यांच्या बोटभर पिशव्या शिवल्या, आत मेथीदाणे भरले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटल्या. बायकांनी त्या कपाळाला लावून घेतल्या. माझी काजलही एक घेऊन गेली.

काजल माझी एकुलती एक. पुलगावला दिली आहे. लहानपणापासून गुबगुबीत, त्यात बाळंतपणानंतर आणखी सुटलेली. तिची सासू वाईट नाही, पण पाहुण्यांपुढे सुनेला ताट वाढताना म्हणायची, हिला थोडंच वाढा. हे ‘थोडंच’ माझ्या काळजात काट्यासारखं रुतून होतं.

गेल्या नवरात्राच्या आधी मशीनची सुई नलूच्या बोटात गेली. शिवणारीला सुई काही नवीन नाही, पण हे बोट भरून येईना. पिकलं, सुजलं. मी तिला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या इला मॅडम अगदी तरुण, पण बोलायला शांत. त्यांनी रक्त तपासायला लावलं, कागद पाहिला आणि विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? नलूनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मेथीचंही सांगितलं. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला.

मग त्यांनी समजावलं ते मला अजून आठवतं. शुगर फार वाढली होती, आणि ती आजकालची नव्हती. खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं, लघवीवाटे चाललं होतं, आणि शरीर आतून स्वतःलाच खात होतं. गोळ्यांनी आता भागणार नव्हतं. इन्सुलिन घ्यावं लागणार होतं.

मी घाबरले. आणि घाबरता घाबरता मला थोडं बरंही वाटलं, की चला, म्हणजे कमी माझ्यात नव्हती. माणसाचं मन असंच असतं, निदान माझं तरी.

नलूनं एकच प्रश्न विचारला. यानं वजन वाढते म्हणतात, ते खरं का? मॅडमनी लपवलं नाही. म्हणाल्या, थोडं वाढतं. गेलेलं काही परत येतं, कारण आता खाल्लेलं अंगी लागेल. त्यावर उपाय आहेत: जेवण वेळेवर आणि मोजकं, जेवणानंतर चालणं, साखर उतरून थरथरलात तर घाबरून डबाभर न खाता सांगितलं तेवढंच गोड, आणि तरीही वजन फार चढलं तर मला सांगा, औषधात बदल करता येतो. पण डोस मनानं कमी करू नका. नलूच्या कानात यातलं फक्त पहिलं वाक्य शिरलं.

ऑटोत बसल्यावर तिनं माझा हात धरला. "ताई, तुमाले मायी शपथ हाये. कोणाले सांगू नका. लोक म्हणतीन, बिमारीनं बारीक झाली आन् आमाले मेथी पाजली."

मी शपथ घेतली. तेव्हा मला ती साधी गोष्ट वाटली होती.

मग घरात ती अस्वस्थता सुरू झाली, जी अजून पूर्ण गेलेली नाही. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे इन्सुलिनचा पेन, कपाटात बोट टोचून शुगर पाहायची छोटी मशीन. मापं घ्यायच्या कोपऱ्यात एक पडदा आहे, त्याच्याआड जाऊन ती टोचून घ्यायची. पेनाचं मागचं टोक फिरवलं की टिकटिक वाजतं, जितका डोस तितके टिक. मी बाहेर हूक लावत बसलेली असायची आणि माझे कान आपोआप तिकडे लागायचे.

महिन्याभरात बोट भरून आलं. तहान थांबली. दोरा पहिल्याच झटक्यात सुईत जायला लागला. आधी ती दोरा माझ्याकडे द्यायची आणि बल्बला शिव्या घालायची. मला वाटलं, सुटलो. पण नलूच्या गळ्यात दिवसभर टेप असते आणि तीच तिची वैरीण झाली. चहाच्या आधी कमर मोजायची, जेवण झालं की पुन्हा मोजायची. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तीच टेप स्वतःभोवती फिरवायची. एका जागी बसेना. मशीनवरून उठायची, गच्चीवर जायची, गच्चीवरून खाली, पुन्हा आरशापुढे. मी म्हटलं, अगं, भोवरा झाली आहेस का. तर म्हणाली, तुमाले काय, तुमी तर पहिल्यापासूनच तशा. आणि ते खरं होतं.

ब्लाउज तर घट्ट झालेच, आणि उसवायला आत कापड नव्हतं. तिनं भाकर बंद केली. इन्सुलिन टोचायचं आणि वाटीभर वरणावर राहायचं. एका दुपारी कापड बेतता बेतता तिचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, नजर कुठेतरी भलतीकडेच. मी कात्री हातातून काढून घेतली आणि तिला साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आली. पण इतकी घाबरली होती, की सत्यनारायणाच्या प्रसादाचे पेढे आले होते ते डबा पुसून खाल्ले. मग टेप घेतली. मग रडली.

त्यानंतर पडद्याआडची टिकटिक लवकर थांबायला लागली.

मी बाहेरूनच विचारलं, बाकीचे कुठे गेले? ती म्हणाली, तुम्ही तुमचे हूक पाहा. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. त्या आठवड्यात समोरची आनंदाबाई ब्लाउज न्यायला आली आणि सहज म्हणाली, नलूताई, जराशा भरल्यासारख्या दिसता, मेथी सोडली का? त्या संध्याकाळी पडद्याआडून काहीच ऐकू आलं नाही. मी दिराला सांगायला निघाले होते. शपथ आठवली आणि परत फिरले. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी काही तेवढी शहाणी नाही.

अशात संक्रांतीच्या तोंडावर, बाळाला सासूजवळ ठेवून, काजल आली.

ऑटोतून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. गाल गेलेले, मनगटं एवढीशी, पायजम्याला पिन लावलेली. लाइनीतल्या बायका दारात येऊन पाहायला लागल्या. कोणी म्हणाली, अगदी काकूवर गेली. काजल सगळ्यांना सांगत सुटली, की काकूंच्या मेथीची कमाल आहे. सासूबाई आता तिला स्वतःहून बाजारात बरोबर नेतात. त्या थोडंच वाढा म्हणायच्या ते बंद झालं आहे. माझा ऊर नुसता भरून आला. इतकी वर्षं रुतलेला तो काटा निघाला होता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

तिच्या दिराचं लग्न होतं, त्यासाठी ब्लाउज शिवायचे होते. मापाला म्हणून तिनं आधीचा ब्लाउज आणला होता. नलूनं तो तिच्या अंगावर धरला. तीन बोटं इकडे, तीन बोटं तिकडे. नलूनं टेप लावली, काढली, पुन्हा लावली. माप घेता घेता काजल दोनदा पाणी प्यायली, तांब्या तोंडाला लावून. नलूनं हळूच विचारलं, रात्री उठावं लागतं का? काजल हसली. म्हणाली, मेथीचं पाणी आहे ना काकू, तेवढं तर होणारच.

नलू टेप बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"ताई, पोरीची शुगर पाहू द्या मले."

मी भाजी फोडणीला टाकत होते. माझं डोकं सटकलं. कशानं सटकलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. इला मॅडमनी नलूला विचारलेला प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला होता. काजलच्या बाळंतपणात शुगर वाढली होती आणि नंतर कोणी पाहिली नव्हती, हेही मला माहीत होतं. ऑटोतून उतरताना तिचे गाल पाहून मला जी शंका आली होती, तिच्यावर मी आनंदाचं झाकण ठेवलं होतं. नलू ते झाकण उचलायला आली होती.

"तुले पाह्यवत नाई," मी म्हटलं. "तू भरून राह्यली आन् मायी पोरगी बारीक झाली, हेच तुयं दुखणं हाये."

 नलू पुढच्या खोलीत गेली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं तर सुईखाली कापडच नव्हतं. नुसती चालवत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं काजललाच विचारून पाहिलं. काजल म्हणाली, काकू, आत्ता कुठं मला चारचौघींत मान मिळायला लागला, आता काही नवीन काढू नका. आणि तिनं ऐकावं तरी का? तिच्यासमोर काकू उभी होती ना, मेथीनं बारीक झालेली, ठणठणीत. नलू आपलं खरं सांगत नाही तोवर पोरगी बोट पुढे करणार नव्हती, आणि नलूनं खरं सांगितलं की तिची दोन वर्षांची शान एका झटक्यात जाणार होती. मी सांगू शकले असते. मी शपथेमागे लपून बसले. दोन दिवस आम्ही तिघी त्या घरात एकमेकींना चुकवत फिरत होतो. पाण्याचा माठ मात्र दिवसातून दोनदा रिकामा होत होता आणि तो भरताना मी मुद्दाम दुसरीकडे पाहायची.

हळदीकुंकू आमच्याकडे त्याच शनिवारी होतं. वाणाच्या पिशव्या नलूनं आधीच शिवून ठेवल्या होत्या, आत मेथी भरलेल्या. संध्याकाळी सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या. तिळगूळ झाला, हळदीकुंकू लागलं. मग सगळ्या काजलभोवती जमल्या. काजल सांगत होती, दाणे किती घ्यायचे, किती वेळ भिजवायचे, चावून खायचे का गिळायचे. आनंदाबाईनं आपल्या कॉलेजातल्या पोरीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, ऐक नीट, उद्यापासून तूही सुरू कर.

नलू हातात वाणाचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. मला फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं दूध आणायला गेली असेल. ती आली ती पेन आणि शुगर तपासायची मशीन घेऊन, आणि सतरंजीच्या मधोमध येऊन बसली. बायकांनी सरकून जागा दिली. त्यांना वाटलं, काहीतरी नवीन खेळ आहे.

"मले शुगर हाये," नलू म्हणाली. "मी मेथीनं बारीक नाई झाली. दोन वर्षं अंग झिजून राह्यलं होतं, आन् मी तुमाले त्याचं वाण वाटलं."

 तिनं पेनाचं टोक फिरवायला सुरुवात केली. गप्पा थांबल्या होत्या, एकेक टिक ऐकू येत होता. मी रोजच्यासारखी कान देऊन बसले. जिथे ती इतक्या दिवसांत थांबत होती तिथे ती थांबली नाही. पूर्ण डोस होईपर्यंत फिरवत राहिली. मग पदर बाजूला करून, सगळ्यांच्या देखत, पोटाला टोचून घेतलं. ते पोट जरा सुटलेलं होतं, शिवणीवर ताणलेल्या ब्लाउजाखाली ते सगळ्यांना दिसलं. तिनं झाकायची घाई केली नाही.

आनंदाबाईनं हळूच विचारलं, मग मेथीचं काय करायचं? नलू म्हणाली, भाजीत घाला.

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. नलूनं ती छोटी मशीन हातात घेतली. "काजल, बोट दे."

काजलचं तोंड उतरलं होतं. तिनं बोट मुठीत धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. एवढ्या बायकांतून माझ्याकडे. लहानपणी इंजेक्शनवाला आला की अशीच पाहायची, आई नाही म्हणेल या आशेनं. मला नाही म्हणावंसं वाटत होतं. उद्या पाहू, दवाखान्यात पाहू, लग्न होऊन जाऊ दे. सासूला कळलं तर. एवढं सगळं माझ्या मनात येऊन गेलं आणि तेवढ्यात तिनं न पाहता बाजूचा पाण्याचा पेला उचलला आणि गटगट पिऊन टाकला.

"दे तिले बोट," मी म्हटलं.

आकडा मला चष्म्याशिवाय दिसला नाही. मी नलूच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला चष्म्याची गरज राहिली नाही. तिनं काजलचं बोट कापसानं दाबून धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. बायका आपापलं वाण घेऊन उठल्या. दारात कोणीतरी म्हणालं, पाहा, बिमारी होती आणि आम्हाला सांगत होती. नलूनं ते ऐकलं. मीही ऐकलं. मी चप्पल शोधत दारापर्यंत गेले होते, भांडायला, पण नलूनं नको म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी आम्ही काजलला घेऊन गेलो. तातडीच्या विभागात पाहिलं आणि भरतीच करून घेतलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोरगी लग्नाच्या मांडवातून बेशुद्ध होऊन सरळ इथेच आली असती, असं तिथला डॉक्टर म्हणाला. सोमवारी इला मॅडम आल्या. तिलाही इन्सुलिन. जेवणाआधी किती टिक फिरवायचे ते मॅडमनी आम्हा दोघींकडूनही पाठ करून घेतलं. नलूनं तेव्हा मॅडमना स्वतःचंही सांगून टाकलं, डोस कमी केल्याचं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा डोस बसवून दिला, जेवण बसवून दिलं, सोबत एक गोळी दिली. नलूचं वजन त्यानंतरही थोडं चढलं, मग थांबलं. आता आम्ही दोघी रोज जेवणानंतर नाक्यापर्यंत चालत जातो. मी तिच्यामागे धापा टाकत असते आणि ती मध्येच थांबून दुकानाच्या काचेत स्वतःला पाहते. ते अजून गेलेलं नाही.

लाइनीतल्या बायका महिनाभर बोलल्या. दोघी-तिघींनी ब्लाउज दुसरीकडे टाकले. आनंदाबाई मात्र एका सकाळी पिशवी घेऊन आली, पिशवीतून काही काढलंच नाही आणि इकडेतिकडे पाहून बोट पुढे केलं.

नलूनं स्वतःचे ब्लाउज एकेक करून उसवले. आत तर कापड नव्हतंच. मग माझ्या ब्लाउजांच्या उरलेल्या कापडातून पट्ट्या काढून तिनं काखेखाली जोडल्या. रंग जुळत नाहीत. हिरव्याला जांभळी पट्टी, पिवळ्याला चॉकलेटी. हात वर केला की दिसते. मी म्हटलं, अगं, दुकानातून जुळणारं आण ना. म्हणाली, दिसू दे. दिराच्या लग्नासाठी शिवलेल्या काजलच्या ब्लाउजाला मात्र तिनं दोन्ही बाजूंना आत चांगलं दोन-दोन बोटं कापड सोडलं. काजल म्हणत होती, काकू, टोचते. नलूनं ऐकलं नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी काजलचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आई, तो ब्लाउज घट्ट होऊन राह्यला."

इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. पोरीच्या अंगाला अन्न लागायला लागलं होतं. उभ्या जन्मात कोणाचं वजन वाढल्याचं ऐकून मी इतकी हरखले नसेन. पण तिचा आवाज वेगळाच होता. कालच सासूबाई जेवताना म्हणाल्या होत्या, थोडंच वाढा. मग काजल अगदी हळू म्हणाली, आई, त्यातलं थोडं कमी घेतलं तर चालते का गं? काही होत तर नाही ना?

  मी फोन स्पीकरवर टाकला आणि मशीनवर ठेवला. नलूनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. मला वाटलं आता रागावेल, शपथ घालेल, समजावेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. विचारलं, जेवण झालं का? नाही. ताट वाढलं आहे का? हो. मग पेन घे, म्हणाली, आणि फोनजवळ धरून फिरव.

 पलीकडे बाळाचं रडणं, भांड्यांचा आवाज. मग टिक. टिक. टिक. आम्ही दोघी मशीनवर वाकलो होतो. बारीक आवाज होता, पण रोज पडद्याबाहेर बसून माझे कान त्याला सवयीचे झाले होते. थोड्या वेळानं तो थांबला.

नलूनं माझ्याकडे पाहिलं. मीही मोजत होते. मी नाही म्हणून मान हलवली.

"आणखी दोन राह्यले," नलू फोनात म्हणाली. "आमी ऐकून राह्यलो. फिरव."

 काजलच्या श्वासाचा आवाज येत होता, रडत असावी. नलू तशीच वाकून राहिली, काखेखालची जांभळी पट्टी दिसत होती, हात टेपेवर घट्ट आवळलेला. मी मनात देवाला काय काय बोलले ते मलाच माहीत.

टिक. आणि मग जरा थांबून, टिक.

"आता टोच आन् जेव," नलू म्हणाली. "आन् ब्लाउज घेऊन येजो रविवारी. आत कापड हाये."

तेव्हापासून काजलचा फोन रोज जेवणाआधी येतो. त्या वेळी आम्ही मशीन बंद ठेवतो.